उघड्या हाताचा सौदा

अकोला,
श्रावण शुद्ध दशमी, शके १७८९

तीर्थरूप खुशालमामांस भाचा पुंजाराम याचा दंडवत. माझी प्रकृती उत्तम, खाणावळीतली भाजी अधम, बाकी तक्रार नाही.

नॉर्मल स्कुलात, म्हणजे पंतोजी तयार करण्याच्या शाळेत, माझं नाव लागलं. आपल्या घराण्यात औत सोडून पाटी धरणारा मी पहिलाच, त्यामुळे पास होण्यावाचून गत्यंतर नाही. इथला नियम असा की वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने शिकवण्याची एखादी नवी रीत शोधून तिच्यावर निबंध लिहायचा, आणि नुसता लिहून भागत नाही, विद्यार्थी समोर उभा करून ती रीत सिद्ध करायची. परीक्षक आहेत शाळाखात्याचे डिपुटी केशवराव. त्यांना हसताना अजून कोणी पाहिलेलं नाही.

बाकीच्यांनी बेरीज, शुद्धलेखन असले सोयीचे विषय घेतले. मी घेतला तो असा: ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना हाताच्या खुणांनी कसं शिकवावं, आणि ती रीत होतकरू पंतोजींना कशी शिकवावी. विषय ऐकून केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बघू."

विषय मी का घेतला हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या साली तुमची माणिक पाटी घेऊन तिथल्या शाळेत गेली आणि तिथल्या पंतोजींनी "जिला ऐकू येत नाही तिला काय शिकवू?" म्हणून तिला पायरीवरूनच परत पाठवलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मामीने मला सांगितलं होतं. आता ते पंतोजी घरी बसणार आहेत. माझी रीत मान्य झाली तर त्यांच्या जागी मला नेमू, असं केशवराव म्हणाले. मग माणिक माझ्या वर्गात. नाही झाली तर मी चिखलदऱ्याकडच्या एखाद्या डोंगरात अस्वलांना बाराखडी शिकवणार, आणि माणिक घरीच राहणार.

तेव्हा एवढं कळवा, की घरी तुम्ही दोघं एकमेकांशी कसं बोलता? मी सुट्टीत येतो तेव्हा ती माझ्याशी नुसती हसते.

तुमचा होऊ घातलेला पंतोजी,
पुंजाराम


अमरावती,
श्रावण वद्य एकादशी

चिरंजीव पुंजारामास पोट भरून आशीर्वाद, कारण खाणावळ तेवढं करत नाही असं दिसतं.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं आणि मग तुझ्या मामीस मोठ्याने वाचून दाखवलं. अस्वलांच्या जागी ती रडली. म्हणाली, "पोट्ट्याले डोंगरात धाडतात का ते मुडदे?" तिची समजूत घालण्यात माझी अर्धी सकाळ गेली. पुढच्या पत्रात अस्वलं घालू नकोस.

आता माणिकचं. अरे, ती आणि मी दिवसभर बोलत असतो! मी अडत्या आहे, कापसाच्या बाजारात माझी उभी हयात गेली. आमचा सगळा सौदा बोटांवर होतो हे तू लहानपणापासून ऐकतोस. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, तळहातावरून बोट ओढलं की अर्धा. तेच मी पोरीस शिकवलं आणि मग त्यातच भर घालत गेलो. भूक, पाणी, गाय, जत्रा, राग, आजी, सगळं आहे. परवा तिने मला सांगितलं की शेजारच्या गोवर्धनशेटच्या म्हशीची चाल आणि गोवर्धनशेटची चाल एकच आहे. मी भर ओसरीत हसत सुटलो, आणि गोवर्धनशेट समोरच बसलेला. काय कारण सांगू?

तुझी मामीही तिच्याशी बोलते, पण तिचं भांडारच लहान. जेव, नीज आणि खबरदार.

कापूस अजून शेतात आहे, म्हणून मला फुरसत आहे. विलायतेपलीकडची ती अमेरिकेतली लढाई संपली, भाव पूर्वीचा राहिला नाही, तरी दिवाळीनंतर बाजारात बैलबंड्यांना उभं राहायला जागा मिळायची नाही. तुला हवं ते आत्ताच मागून घे.

तुझा मामा, जो शाळा न शिकताही हातानं बोलतो


अकोला,
आश्विन शुद्ध द्वादशी

मामा, दसऱ्याचं सोनं या कागदातूनच घ्या.

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं, म्हैस वगळून. सगळे थक्क झाले. बाजारातली बोटं माझ्या निबंधाच्या पहिल्याच प्रकरणात घातली.

मी हातावर हात धरून बसलेलो नाही. गेल्या महिन्यात बाळापुरास गेलो होतो. तिथे दोघे बहिरे भाऊ चटया विणतात आणि एक बहिरी सुईण आहे. भावांची पाण्याची खूण आणि सुईणीची पाण्याची खूण एकच निघाली, अंगठा तोंडाशी. पण मीठ म्हणायला भाऊ जीभ चाटतात आणि सुईण चिमूट सोडते. तिघांना एकत्र बसवलं तेव्हा आधी मिठावरून भांडण झालं, आणि माझा परतीचा टांगा जुंपेपर्यंत तिघांनी मिळून चिमूट पक्की केली. सुईण जिंकली. मला तर हे पाहून नाचावंसं वाटलं. कोणी न शिकवता त्यांनी शब्द ठरवला, मामा!

सोबत माझी चित्रं धाडतो. शाळेत लागणाऱ्या सगळ्या खुणा मी स्वतः काढल्या आहेत. नाकाशी नथीसारखं बोट म्हणजे आई. मिशीला पीळ म्हणजे बाप. दोन तळहात उघडले म्हणजे पाटी. कपाळाला बोट लावून पुढे नेलं म्हणजे समजलं. भुवया उंच केल्या म्हणजे प्रश्न. माणिकला हे शिकवा. पौषात परीक्षा आहे, त्यात केशवराव विचारतील, मी खुणेनं सांगेन आणि ती खुणेनं उत्तर देईल. चाळीस होतकरू पंतोजी बाकांवर बसून पाहतील, आणि पुढे जिथे जिथे नेमले जातील तिथे तेही हेच करतील.

ती शिकते आहे ना, एवढंच मात्र उलट टपालाने कळवा. जेवण गोड लागत नाही, आणि या वेळी दोष खाणावळीचा नाही.

पुंजाराम


अमरावती,
कार्तिक वद्य षष्ठी

चिरंजीव पुंजारामास आशीर्वाद. पत्र घाईचं आहे, अंगावर सगळीकडे कापूस आहे आणि नाकातही आहे.

तुझी चित्रं पोहोचली. माणिकने ती आधी दिव्याच्या कोनाड्यापाशी चिकटवली, मग मामीने काढली, मग माणिकने पुन्हा चिकटवली. ती सगळ्या खुणा शिकली. खोटं सांगत नाही, सगळ्या! एक-दोन आमच्या सोयीने थोड्या वळवून घेतल्या, पण अर्थ तोच. काल मी तिला विचारलं, पाटी कुठे आहे? ती म्हणाली, आईने लपवली, मला राग आला, समजलं? शेवटचं 'समजलं' तिने असं दाबून म्हटलं की मी जरा घाबरलोच.

परीक्षेला मला येणं जमायचं नाही. ऐन पौषात बाजार सोडला तर माझी गिऱ्हाइकं गोवर्धनशेट गिळून टाकील. मामी तिला घेऊन येईल. बडनेऱ्यापर्यंत बैलांची दमणी, तिथून आगगाडी. मामी आगगाडीत बसायला तयार नव्हती. म्हणाली, "बैल दिसत नाई तं हाकते कोण?" माणिकने तिला समजावलं. कसं समजावलं ते विचारू नकोस, पण मामी आता नवं लुगडं काढून बसली आहे.

बिनघोर राहा. माझी पोरगी तुझ्या केशवरावांस बोलून बेजार करील.

तुझा मामा


अकोला,
पौष शुद्ध चतुर्दशी

मामा,

नमस्कार पुढच्या पत्रात करीन. आज रागावलो आहे.

परीक्षा काल झाली. मामी आणि माणिक माणिकच्या मावशीकडे सुखरूप आहेत, दोघींनी चार दिवसांत अकोल्यातल्या बांगड्यांची दुकानं पालथी घातली, तेव्हा त्यांची काळजी नको. काळजी माझी करा.

वर्ग गच्च भरला होता. केशवराव खुर्चीवर, मागे चाळीस जण, दारात मामी. मी माणिकला समोर उभं केलं आणि खुणेनं विचारलं, पाटी कुठे आहे? तिने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. पुन्हा विचारलं. तिने मान खाली घातली. केशवराव म्हणाले, "मुलगी तर गप्प उभी आहे."

तेवढ्यात माणिक पुढे आली, तिने माझं उपरणं खांद्यावरून ओढलं, माझा हात त्याच्याखाली घातला, आपलाही घातला, आणि बोलायला लागली! माझी बोटं दाबते आहे, पिळते आहे, तळहातावर काहीतरी ओढते आहे. मामा, मला एक अक्षर कळलं नाही. माझ्याच खुणा, आणि मलाच कळेनात! मी त्या डोळ्यांसाठी काढल्या होत्या, तुम्ही तळहातावर उतरवून घेतल्यात. माझ्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं असावं, कारण ती मला सोडून थेट केशवरावांकडे गेली. त्यांचा हात उचलला, त्यांच्याच अंगवस्त्राखाली घातला, आणि त्यांना काहीतरी भराभर विचारलं.

केशवराव लाल झाले. म्हणाले, "काय म्हणते ही?"

मी म्हणालो, "साहेब, मला दिसलं नाही."

त्यांनी मामीकडे पाहिलं. मामी दारातून म्हणाली, "मले काय इचारता? झाकलेलं हाय ना ते!"

चाळीसच्या चाळीस जण हसले. केशवराव हसले नाहीत. म्हणाले, "ही भाषा आहे हे मला पटलं. पण पुंजाराम, वर्गात तीस मुली असतील. पंतोजी एकेकीचा हात उपरण्याखाली धरत फिरणार आहे काय? सगळ्यांना दिसेल अशी बोलली तर ती शिकवण्याची रीत. नाहीतर हा बाजार." शिमग्यानंतर पुन्हा एकदा संधी देणार आहेत, आणि ती शेवटची. तोवर त्या जागेवर कोणाला नेमणार नाहीत.

मामा, तुम्ही हे मला सांगितलं का नाही? उघड्या हातानं ती एकदाही बोलली नाही, हे पत्रात लिहायला किती शाई लागली असती?

पुंजाराम


अमरावती,
माघ वद्य द्वितीया

चिरंजीव पुंजारामास आशीर्वाद. तू रागावलास, मीही रागावलो, आता दोघांचे राग उतरले असतील असं धरून लिहितो.

सांगितलं का नाही? अरे, सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं! हातानं बोलायचं ते झाकून, हे मी बापाकडून शिकलो. उघडा हात केला की चार जणांस भाव कळतो आणि सौदा बुडतो. उपरण्याबाहेर बोटं काढणारा अडत्या मी आजवर पाहिला नाही. तू चित्रं धाडलीस, मी ती उपरण्याखाली नेली. माझ्या हाताला दुसरा रस्ता माहीतच नाही.

आणि दुसरीही एक गोष्ट आहे. माणिक लहान होती तेव्हा रस्त्यात हात हलवून मला काहीबाही सांगायची. लोक थांबायचे. कोणी तिची नक्कल करायचं, कोणी खो-खो हसायचं. ती त्यांच्याबरोबर हसायची, तिला वाटायचं हे सगळे आपल्याशी बोलून राहिलेत. मला ते पाहवायचं नाही. एकदा मी तिचा हात धरला आणि उपरण्यात घेतला. तेव्हापासून लोक हसत नाहीत, कारण त्यांना काही दिसत नाही. मला वाटलं मी मोठं शहाणपण केलं.

मामी आणि ती परत आल्यावर मी माणिकला म्हटलं, बाहेर काढ हात. ती नाही म्हणाली. समजावलं, रागावलो, जिलबी दाखवली. जिलबी तिने डाव्या हाताने खाल्ली आणि उजवा पदराखालीच ठेवला. बापाने जे लपवायला शिकवलं ते उघडं करणं तिला बेअदबी वाटते. मामी मला म्हणाली, "तुमी सोताच कधी काढला का हात बाहीर? मंग तिले काहून सांगता?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली.

काल बाजाराचा दिवस होता. मी माणिकला बरोबर नेलं आणि चिंचेखालच्या ओट्यावर बसवलं. स्वतः मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. मध्ये बंड्याच बंड्या, बैल, हमाल आणि असा गलबला की शेजारच्या माणसाचा शब्द कळत नाही. मी एका भरल्या बंडीवर चढलो. कापसात गुडघ्यापर्यंत रुतलो, उपरणं काढून गाडीवानाकडे फेकलं, आणि दोन्ही हात वर करून माझ्या पोरीला विचारलं, भूक लागली का?

अख्खा बाजार वर पाहू लागला. खुशालराव अडत्या उघड्या हातानं! गोवर्धनशेट खालून ओरडला, "खुशालराव, भाव उघडा पडला!"

मी म्हटलं, "पडू दे!"

आता हसतील, मग हसतील, असं मी धरूनच होतो. हसले. माझ्यावर हसले, भरपूर हसले, आणि मी तसाच उभा राहिलो. माणिकने ते सगळं पाहिलं. तिच्या-माझ्यात एवढं मोठं अंतर की तिथे कोणाचंच उपरणं पुरणार नव्हतं. मी पुन्हा विचारलं, भूक?

पुंजाराम, ती ओट्यावर उभी राहिली. दोन्ही हात पदरातून काढले आणि सगळ्या बाजाराच्या डोक्यावरून मला म्हणाली: भूक नाही. तुम्ही पडाल. खाली उतरा.

मी उतरताना खरोखरच पडलो, पण कापसात.

आता तुझ्या चित्रांप्रमाणे रोज शिकवणी चालू आहे, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक खुणेचा शब्द ती पाटीवर गिरवते. चुकलं तर ती मलाच दुरुस्त करते.

तुझा मामा, ज्याचे भाव सगळ्या अमरावतीस माहीत आहेत


अकोला,
फाल्गुन वद्य दशमी

तीर्थरूप मामांस आणि मामीस साष्टांग नमस्कार, मागच्या पत्रातला राहिलेला धरून दोनदा.

पास! मावशीचा माणूस माणिकला पोहोचवायला उद्या निघतो, पण टपाल त्याच्या आधी पोहोचेल म्हणून हे लिहितो.

केशवरावांनी मला शब्द सांगायचा, मी खूण करायची, माणिकने तो पाटीवर उतरवायचा. गाय, पाणी, पाटी, आई. मग मी वर्गाच्या पार टोकाला गेलो आणि तिथून विचारलं, तेव्हाही तिने उत्तर दिलं. शेवटी केशवराव म्हणाले, "गेल्या वेळी हिने मला काहीतरी विचारलं होतं. ते आता सगळ्यांसमोर विचारायला सांग."

मी नको नको म्हणत होतो. माणिकने केशवरावांच्या पागोट्याकडे बोट केलं, आपल्या डोक्यावरून केसांवर हात फिरवला, मग हात झटकून रिकामा दाखवला आणि दोन्ही भुवया उंच केल्या. पागोट्याखाली केस आहेत की नाहीत?

एकही माणूस असा नव्हता की ज्याला ते कळलं नाही. केशवरावांनी सावकाश पागोटं काढलं. नव्हते, मामा! एक सुद्धा नव्हता. आणि मग तो माणूस हसला, इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

निबंध मान्य. अमरावतीस नेमणूक. शिवाय हुकूम असा की दर वर्षी मी महिनाभर अकोल्यास येऊन इथल्या नव्या पंतोजींना खुणा शिकवायच्या, आणि नेमणुकीवर जाण्याआधी प्रत्येकाने एक पाठ तोंड मिटून, नुसत्या हातांनी देऊन दाखवायचा. काही जणांना हे फार जड जाणार आहे. चांगल्या पंतोजीला गप्प बसणं जमत नाही.

चैत्राच्या आरंभी येतो. भाजी चांगली करायला सांगा.

पुंजाराम


अमरावती,
श्रावण शुद्ध तृतीया, शके १७९०

चिरंजीव पुंजारामास आशीर्वाद.

तू अकोल्यास जाऊन आठवडा झाला, शाळा तुझा मदतनीस चालवतो आहे आणि ठीक चालवतो आहे. मामी म्हणते तू वाळला असशील. मी म्हणतो पंतोजी वाळत नाहीत.

लिहायचं कारण वेगळं आहे. काल शाळा सुटण्याच्या वेळी मी तिकडून जात होतो. आत डोकावलो. माणिक खिडकीशी बसलेली, तिच्यासमोर तिच्याच वर्गातली किसनरावाची रमा, आणि ती नवी आलेली मुलगी कौशल्या, जिलाही ऐकू येत नाही. तिघी बोलत होत्या. हात असे भराभर चालले होते की डोळा ठरेना. मला वाटलं, पाहू या काय चाललंय. बाजारात वीस अडत्यांचे हात मी कपड्याआडूनही ओळखतो, माझ्या पोरीचे ओळखणार नाही?

मला काही कळेना. तुझ्या चित्रातलं त्यात थोडं होतं, माझं तर जवळजवळ नव्हतंच. मध्येच एकदा माणिकने नाकपुडी दाबली, ते कोणाचं नाव? मग कौशल्याने मनगट फिरवलं, आणि तिघी पोट धरून हसल्या. रमाला ऐकू येतं, तरी तीही तोंडानं एक शब्द बोलत नव्हती. तेवढ्यात माणिकने मला पाहिलं. पाहिलं आणि पटकन हात थांबवले. मैत्रिणींना डोळ्यांनी सांगितलं की गप्प, बाप आला.

वाटेत मी तिला विचारलं, काय बोलत होता? ती म्हणाली, काही नाही.

नऊ वर्षं ही पोरगी जे काही बोलली ते माझ्याशीच बोलली. माझ्याशिवाय तिचं बोलणं घ्यायला कोणी नव्हतं. काल पहिल्यांदा ती असं काही बोलली की जे बापाला सांगायचं नाही. घरी येऊन मी मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग रडून काहून राहिले?" मी म्हटलं, रडत नाही. पण रडत होतो, आणि पेढे आणायला निघालो होतो.

तुझा मामा,
खुशालराव